तीस पौंडाची लाइन आणि होणारे व्याही

आमच्या घरी मासे पकडायला मी जातो आणि मासे घेऊन बायको येते.

गेली वीसेक वर्षं ही व्यवस्था बिनतक्रार चालू आहे. दर रविवारी सकाळी मी सायकलला बांबूची काठी बांधून जबलपूरच्या रांझी भागापलीकडच्या तलावावर जातो, गळाला कणकेची गोळी लावतो आणि मासे ती गोळी निवांत खाऊन जातात. (त्या तलावातल्या माशांच्या किमान चार पिढ्या आमच्या घरच्या कणकेवर पोसल्या गेल्या आहेत. एकानंही कधी आभार मानले नाहीत.) दहाच्या सुमाराला प्रमिला, म्हणजे आमची सौभाग्यवती, बाजारातून रोहू घेते. मी तिला कोपऱ्यावर गाठतो, पिशवी सायकलच्या हँडलला अडकवतो आणि आम्ही दोघं कॉलनीत शिरतो. "वाह रामटेके जी, आज भी?" असं शेजारपाजारचे विचारतात. मी नुसता हसतो. खोटं बोलायची मला सवय नाही.

खोटं मी आयुष्यात एकदाच बोललो, आणि ते फोनवर.

त्याचं असं झालं. आमची मुलगी अस्मिता इथल्याच एका शाळेत गणित शिकवते. तिनं निखिल नावाचा मुलगा पसंत केला. मुलगा नागपूरचा, रेल्वेत, बदलीनं जबलपूरला आलेला. आमचे आजोबाही भंडाऱ्याकडून फॅक्टरीच्या नोकरीसाठी इथं आलेले, त्यामुळे माणसं आपलीच. धम्म एक, पोरगा निर्व्यसनी, पोरगी राजी. यात घोळ घालायला कुणाला कुठंच जागा नव्हती. पण मी होतो ना.

अडचण होती ती मुलाच्या वडिलांची. गजभिये साहेब सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, पत्नीला जाऊन चार वर्षं झालेली, नागपूरच्या घरात एकटेच राहतात. लग्नानंतर मुलगा परत नागपूरला बदली मागणार होता, म्हणजे सून त्यांच्याच घरी जाणार. त्यांनी फोनवर सरळच सांगितलं, "पोरगी चांगलीच असन जी. पण जबलपूरकडचे लेकरं घरातही हिंदीच बोलतात. हिंदी मले समजते, पण घरच्यासारखं नाही वाटत. बायको गेली तेव्हापासून घरात आवाज नाही. येणारी आपल्या बोलीत बोलली पाहिजे. मी येतो, पाहतो, मग सांगतो."

शंका रास्त होती. अस्मिताला मराठी समजते सगळी. बोलायला गेली की मात्र "आई, मैं ज़रा बाहेर जाऊन येते" असं अर्ध्या वाटेवर गाडी बदलते. गजभिये साहेब येणार म्हणून तिनं वहीत मराठी वाक्यं लिहून पाठ करायला घेतली. "आपण चहा घेणार का?", "प्रवास सुखाचा झाला का?" अशी. बोलायची ती अगदी स्टेशनवर गाडीची घोषणा केल्यासारखी. एका संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. डोळ्यांत पाणी होतं.

"बाबा, मला निखिलशीच शादी करायची आहे. वो लोग येतील ना, तेव्हा प्लीज, तुम्ही कुछ मत करना."

बापाचं काळीज आहे शेवटी. मी त्याच क्षणी ठरवलं की आपण काहीतरी केलंच पाहिजे.

मी निखिलला एकट्याला गाठून विचारलं, "तुझ्या बाबांना आवडतं काय?" तो म्हणाला, "आई गेल्यापासून फक्त मासेमारी. बेटकास्टिंग रील, फ्लोरोकार्बन लाइन, बस. त्यावर बोलायला लागले की थांबत नाहीत." मी लगेच नागपूरला फोन लावला आणि म्हणालो, "साहेब, मासेमारीचा नाद मलाही आहे. बेटकास्टिंग रीलवरच. अन् लाइन म्हणाल तर फ्लोरोकार्बनच. दुसरी मी हातात धरत नाही." मग गजभिये साहेब पहिल्यांदाच मोकळं हसले. "मंग रविवारी तलावावरच जाऊ जी. तुमच्या हातचा मासा खाऊ."

आता एवढं बोलल्यावर ती वस्तू निदान पाहून ठेवणं भाग होतं.

घमापूरला गळ-दोऱ्याचं एक दुकान आहे. दुकानदारानं मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "पहली बार?"

"अरे, बीस साल से मछली पकड़ रहा हूँ."

"रील पे?"

"तलाव पे."

त्यानं एक सुस्कारा सोडून रील काढली. या रीलवर चकरी आडवी बसते आणि फेकताना गरागरा फिरते. तिच्यावर अंगठा टेकवून वेग आवरायचा असतो. अंगठा चुकला की चकरी पुढं धावते, लाइन मागं राहते आणि सगळा दोरा रीलवरच गुंता होऊन बसतो. "दादा, नए आदमी के लिए ये नहीं है," तो म्हणाला. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग फ्लोरोकार्बनची पाकिटं आली. ही लाइन पाण्यात दिसत नाही, ताणली तरी लांबत नाही, दगडाला घासून लवकर तुटत नाही. "लेकिन कड़क होती है. मोटी लोगे तो रील पे स्प्रिंग बन जाएगी. लाइन को याददाश्त होती है दादा, जैसे लपेटो वैसी ही रहना चाहती है. बारह पौंड ले जाओ."

(काही विसरत नाही असं एक माणूस आमच्या घरात आधीच होतं. तरी घेतली.)

पण जेमतेम बारा पौंडांचा ताण सोसणारी? मी फॅक्टरीत छत्तीस वर्षं माल तपासायच्या खात्यात काढली. आमच्या हाताखालून गेलेला माल आम्ही लागेल त्याच्या दुप्पट-तिप्पट मजबूत आहे की नाही ते बघूनच पास करायचो. मी खिशातून माझा मायक्रोमीटर काढला (तो माझ्या खिशात असतो, लोक कंगवा ठेवतात तसा) आणि लाइनची जाडी मोजली. पाकिटावर छापली होती त्यापेक्षा किंचित कमी भरली. मी ती लाइन फेल केली. दुकानदारानं माझ्याकडं पाहून मला फेल केलं.

"तीस पौंड की दो."

"दादा, मछली पकड़नी है या ट्रक खींचना है?"

निघताना त्यानं कळकळीनं तीन गोष्टी सांगितल्या. चकरी काठोकाठ भरू नका. गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करा, कोरडी आवळली तर लाइन घासून कमजोर होते. आणि अंगठा उचलू नका. मी तिन्ही गोष्टी नीट ऐकून घेतल्या.

घरी येऊन चकरी काठोकाठ भरली. विकत घेतलेली लाइन पाकिटात का ठेवायची? लाइनचं बंडल स्क्रूड्रायव्हरवर अडकवून प्रमिला समोर बसली होती. "घट्ट धर, ताण दे," मी म्हणालो. "तीस वर्षांपासून तेच करून राहिली," ती म्हणाली. गाठ मारायची वेळ आली तेव्हा मी ती कोरडीच आवळली. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कुठल्या यंत्रावर थुंकी पडू दिली नाही, तो घमापूरच्या एका दुकानदाराच्या सांगण्यावरून गाठीवर थुंकणार होता थोडाच.

मग गल्लीत सराव. नकली माशाच्या (या रीलवर कणकेऐवजी गळ लावलेला प्लास्टिकचा मासा फेकतात) जागी एक बटाटा बांधला, रॉड मागं नेला आणि फेकला. बटाटा माझ्या पायाशी पडला आणि रीलमधून लाइनची वेटोळी उसळून बाहेर आली, दूध उतू जातं तशी. प्रमिलानं घरातून कात्री आणून दिली. अस्मिता दारात उभी होती. तिनं फक्त डोळे मिटून घेतले.

आता खरं तर इथं दुसऱ्या कुणी माणसानं दुकानदाराला फोन केला असता. पण मी तपासणीवाला. मी रीलच्या बाजूचं झाकण उघडलं. आत चकरीला बारीक बारीक तुकडे बसवलेले, ते फिरताना बाहेरच्या कड्याला घासत होते. आणि सगळं ठणठणीत कोरडं! फॅक्टरीत जन्म काढलेल्या माणसाला दोन भाग एकमेकांवर कोरडे घासताना बघवत नाहीत. मला दोष सापडला. चकरी अडखळतेय, म्हणून बटाटा पुढं जात नाही. मी शिलाई मशीनचं तेल आणलं आणि त्या तुकड्यांवर, कड्यावर, जिथं जिथं घासत होतं तिथं सढळ हातानं सोडलं.

झाकण लावून चकरीला बोट लावलं. ती फिरली. फिरतच राहिली. मी प्रमिलाला हाक मारली, "ये इकडं, बघ काय फिरून राहिली!" ती आली, पाहिलं, चहा टाकायला गेली, परत आली, तरी चकरी फिरतच होती. "थांबन का कधी?" तिनं विचारलं. बायकांना यंत्रातलं काही कळत नाही असं मनाशी म्हणून मी रील फडक्यात गुंडाळून ठेवली.

रविवार उजाडला. गजभिये साहेब सकाळच्या गाडीनं आले. उंच, सडपातळ, कमी बोलणारे. अस्मितानं पाणी दिलं आणि वहीतलं वाक्य म्हटलं, "प्रवास सुखाचा झाला का?" ते म्हणाले, "हो बेटा, गाडी थोडी लेट होती. तुमच्याकडं थंडी जास्त दिसते." हे उत्तर वहीत नव्हतं. अस्मिता म्हणाली, "जी अंकल, यहाँ तो... म्हणजे... बहुत ठंड." साहेबांनी ग्लास खाली ठेवला आणि खिडकीबाहेर पाहिलं. निखिलनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याला डोळ्यांनीच धीर दिला की काळजी करू नकोस, अजून मी आहे.

तलावावर आम्ही पाच जण गेलो. प्रमिलानं डबा घेतला होता. (आणि बाजारातली रोहू घरी फ्रिजमध्ये, मागच्या बाजूला, कोबीखाली. तिचा माझ्यावर फार विश्वास.) गजभिये साहेबांनी आपली रील काढली. बारीक लाइन, स्वच्छ रील. मग खांद्यावरचा एक छोटा कापडी बटवा उतरवून जपून माझ्या मागच्या दगडावर ठेवला. त्यात प्लास्टिकच्या डबीत त्यांचे नकली मासे होते. बटव्यावर रंगीत धाग्यांची नक्षी होती.

"छान आहे," प्रमिला म्हणाली.

"बायकोनं शिवला होता," ते म्हणाले. "मासेमारीवर चिडायची. पण शिवून दिला."

त्यांनी पहिली फेक केली. हात जेमतेम हलला आणि नकली मासा दूर पाण्यात अलगद जाऊन पडला. अंगठा चकरीवर, चेहरा शांत. बघत राहावं असं होतं ते. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "चला रामटेके जी. तुमची लाइन किती पौंडाची?"

"तीस."

"मगर धरायची आहे का जी?"

मी हसून टाळलं. जागा घेतली, पाय रोवले. अस्मिता हळूच म्हणाली, "बाबा, धीरे से." मी रॉड मागं नेला. जितका मागं जाईल तितका नेला, कारण आज मुलीच्या संसाराचा प्रश्न होता. मागं कुठंतरी किंचित जड लागलं. मला वाटलं, जोर येतोय. आणि फेकला.

इतकी लांब फेक त्या तलावानं पाहिली नसेल. तेल पाजलेली चकरी किंचाळत सुटली. अंगठा ठेवायचा आहे हे मला आठवलं, पण चकरीकडं पाहून तो ठेवायची छाती झाली नाही. माझ्या डोक्यावरून काहीतरी रंगीत उडत गेलं. आधी वाटलं पाखरू आहे. पाखराला शिलाई असते का, हा विचार पूर्ण व्हायच्या आत रीलमधून तीस पौंडाची लाइन भसाभस बाहेर पडली आणि माझ्या मनगटाला, शर्टाच्या गुंडीला आणि चष्म्याच्या काडीला वेढे घालून बसली. चकरी जाम झाली. हवेतल्या हवेत लाइनला जोरात हिसका बसला, पुन्हा कोरडीच आवळलेली गाठ तट्‌कन तुटली, आणि गजभिये साहेबांच्या पत्नीनं शिवलेला बटवा माझ्या नकली माशासकट एकटाच पुढं गेला आणि पाण्यात पडला.

आतल्या डबीमुळे बटवा तरंगत होता. हळूहळू एका बाजूला कलत होता. गजभिये साहेबांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच त्या बटव्याकडं बघत उभे होते, ओठ दाबून. निखिल बुटाच्या नाड्या सोडू लागला आणि त्या गाठीतच अडकला. (मुलगा आमच्या घराण्यात शोभेल, हे मला तेव्हाच कळलं.) मी पुढं व्हायला निघालो तर माझाच हात माझ्याच चष्म्याला बांधलेला.

आणि अस्मिता पाण्यात शिरली. चपला काढल्या नाहीत, ओढणी आवरली नाही. गुडघाभर, मग कमरेएवढं पाणी. बटवा बुडता बुडता तिनं धरला, छातीशी घेतला, आणि तिथूनच माझ्याकडं वळली.

"काहून करता हो बाबा तुम्ही असं? घरी सांगितलं होतं ना, गुमान बसा म्हणून? येत नाही त काहून हात लावता? कोणाच्या बायकोच्या हातची वस्तू आहे, काही वाटते का? मागं कोण उभं आहे, काय ठेवलं आहे, पाहावं नाही का माणसानं? रात्रंदिवस ते तेल घालून राहिले, भरली नं आता तुमची हौस? एक दिवस, फक्त एक दिवस चूप बसा म्हटलं होतं जी तुम्हाला!"

पाणी निथळत ती बाहेर आली तरी थांबली नव्हती. एक शब्द हिंदी नाही. एक वाक्य अडखळलं नाही. प्रमिला तोंडाला पदर लावून उभी होती आणि मला क्षणात उलगडा झाला. ही सगळी बोली पोरीनं आईच्या तोंडून उचलली होती, आणि आईची ही बोली वर्षानुवर्षं रोज, सकाळ-संध्याकाळ, माझ्यावरच चालत आली होती. मुलीला मराठी शिकवायला मी एवढी मेहनत घेतली, आणि घरात कुणाला त्याची कल्पना नव्हती.

अस्मितानं बटवा दोन्ही हातांनी गजभिये साहेबांसमोर धरला. आता तिला रडू फुटलं. "माफ करा. भिजला हो. धागा नाही तुटला पण. पाहा, कुठंच नाही तुटला."

साहेबांनी बटवा घेतला, उलटून पालटून पाहिला. मग तिच्याकडं पाहिलं. त्यांचेही डोळे भरले होते. "तिची बोलीही अशीच होती," ते म्हणाले. "मले अशीच बोलायची. तलावावरून उशिरा आलो की." आणि निखिलकडं वळून, "काहून बे, तू त म्हणत होता पोरगी हिंदीत बोलते?"

"पापा, माझ्याशी हिंदीतच बोलते," निखिल म्हणाला. एक बूट अजून त्याच्या हातात होता.

"तू अजून काही केलं नसन," साहेब म्हणाले.

त्यानंतर दोन तास मासेमारी झाली नाही. साहेबांनी माझी सुटका केली, रीलचं झाकण उघडलं, आत बोट फिरवलं आणि बोट उन्हात धरून पाहिलं. "हे काय जी?"

"तेल."

"रामटेके जी, हे ब्रेक होते. घासायलेच ठेवले असतात ते. ब्रेकले कोणी तेल लावते का?"

"यांनी एकदा सायकलच्या ब्रेकलाही लावलं होतं," प्रमिलानं माहिती पुरवली. "घमापूरच्या उतारावर समजलं."

गुंता सोडवायला साहेब आणि अस्मिता समोरासमोर बसले. एकेक वेढा मोकळा करत ते तिला त्यांच्या बायकोच्या गोष्टी सांगत होते आणि ती शाळेतल्या पोरांच्या सांगत होती. मधेच हिंदी यायची, ते चालवून घ्यायचे. कात्री मागितली नाही कुणी. मला त्या गुंत्यापासून दहा पावलांवर बसवलं होतं. जेवायला घरी आलो तेव्हा कोबीखालची रोहू शिजली. साहेबांनी ती मिटक्या मारत खाल्ली आणि "कोणत्या बाजारातली जी?" एवढंच विचारलं. जाताना दारात थांबून म्हणाले, "मुलगी आमची झाली. तारीख काढा. माझी अट एकच आहे."

आम्ही सगळे कानांत प्राण आणून उभे राहिलो.

"लग्नात फुलं उधळायच्या वेळी रामटेके जींनी काहीही फेकायचं नाही."

सगळे हसले. मला वाटलं गंमत आहे. पण लग्नाच्या दिवशी मंगलगाथा सुरू झाल्या, पाहुण्यांना फुलांच्या पाकळ्या वाटत वाटत ताट माझ्यासमोर आलं, आणि अस्मितानं मंचावरून नुसतं माझ्याकडं पाहिलं. मी दोन्ही हात मागं बांधून घेतले. माझ्या वाट्याच्या पाकळ्या प्रमिलानं उधळल्या. नेमक्या दोघांच्या डोक्यावर पडल्या, तिला कधी सराव लागला नाही.

आता अल्बममधल्या प्रत्येक फोटोत दोनशे माणसं हसत हात वर करून फुलं टाकताना दिसतात, आणि मधोमध मी, हात पाठीमागं, तोंड पाडून उभा. अल्बम बघणारं प्रत्येक माणूस दुसऱ्या-तिसऱ्या पानावर थांबतं, आवाज खाली आणतं आणि प्रमिलाला विचारतं, "भाभी जी, हे लग्न भाऊंना पसंत नव्हतं का?"